निद्राविकार : स्वरूप आणि उपचार

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. दिवसभर राबलेल्या माणसाला झोपेसाठी गादी लागत नाही, उशाला दगड असला तरी पुरतो, असा तिचा अर्थ. म्हण खोटी नाही. परंतु तिच्या आधाराने समाजात एक गैरसमज मात्र रुजला आहे. ज्याला झोप येत नाही तो पुरेसे कष्ट करीत नसला पाहिजे किंवा त्याचे मन दुबळे असले पाहिजे, असे आपण सहज म्हणून जातो. त्यामुळे झोप न येणाऱ्याला उपदेश मिळतो, घोरणाऱ्याची चेष्टा होते, झोपेत चालणाऱ्या मुलाला अंगारा लावला जातो आणि रात्री पाय वळवळतात म्हणून सांगणाऱ्या आईकडे कोणी लक्षच देत नाही. जे थोडेफार लक्ष देतात ते झोपेची गोळी आणून देतात.

वस्तुस्थिती अशी आहे की, झोपेच्या तक्रारी एका जातीच्या नसतात. प्रत्येकीचे कारण निराळे असते आणि म्हणून उपायही निराळा असतो. एकीला जो उपाय तोच दुसरीला अपाय, असेही घडते. नेहमी आढळणाऱ्या निद्राविकारांचा या दृष्टीने परिचय करून देणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. झोपेचे स्वरूप

आयुर्वेदाने आहार व ब्रह्मचर्य यांच्या बरोबरीने निद्रेला शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले आहे. चरकसंहितेत हा विचार स्पष्टपणे आला आहे. तरीही झोप म्हणजे नुसती विश्रांती, मेंदूचे बंद पडलेले दुकान, ही समजूत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत टिकून होती. १९२४ साली हान्स बर्गर या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने माणसाच्या मेंदूतील विद्युत्-लहरींचा पहिला आलेख घेतला व १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यामुळे झोपलेल्या माणसाला न उठवता त्याच्या मेंदूत काय चालले आहे हे पाहण्याची सोय झाली. पुढे १९५३ साली शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी दाखवून दिले की, झोपेत ठराविक काळाने मिटल्या पापण्यांआड डोळ्यांची बुबुळे वेगाने हलू लागतात व याच वेळी उठवले असता माणूस बहुधा स्वप्न सांगतो. या अवस्थेला जलद नेत्रगतीची झोप असे म्हणू या.

आज आपल्याला माहीत आहे ते असे. झोप ही सलग एकसारखी नसते. हलकी झोप, मग गाढ झोप आणि त्यानंतर जलद नेत्रगतीची झोप असे सुमारे ९० मिनिटांचे एक आवर्तन होते व रात्रीतून अशी चार-पाच आवर्तने होतात. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पूर्वार्धात असतो, तर स्वप्नांचा मोठा वाटा पहाटेच्या बाजूला असतो. शिवाय जलद नेत्रगतीच्या काळात शरीराचे बहुतेक स्नायू तात्पुरते लुळे पडतात, म्हणूनच आपण स्वप्नात धावतो पण अंथरुणात धावत नाही. या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पुढे त्यांचा उपयोग होणार आहे.

२. झोप येते कशी?

१९८२ साली आलेक्झांडर बोर्बेली या स्वित्झर्लंडमधील संशोधकाने मांडलेली उपपत्ती आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. तिच्यानुसार झोप दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली म्हणजे झोपेची ओढ. आपण जितका वेळ जागे राहतो तितकी ती वाढत जाते. जागेपणी मेंदूत ॲडेनोसीन नावाचे द्रव्य साचत जाते व ते या ओढीचे एक कारण आहे. चहा-कॉफीतील कॅफीन या ॲडेनोसीनचा परिणाम अडवून धरते. ते झोप नाहीशी करीत नाही, तिची जाणीव तेवढी झाकते. प्रौढ माणसाच्या शरीरातून निम्मे कॅफीन जाण्यास साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहा वाजता घेतलेल्या कॉफीचा निम्मा अंमल रात्री अकरा वाजताही शिल्लक असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातील घड्याळ. द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७२९ साली एक झाड (ते लाजाळूचे असावे असे मानतात) अंधारात ठेवून पाहिले, तेव्हा उजेड नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत व रात्री मिटत. माणसातही असेच घड्याळ आहे काय, हे पाहण्यासाठी क्लाइटमन १९३८ मध्ये आपल्या एका तरुण विद्यार्थ्यासह अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले. तेथे त्यांनी २८ तासांचा दिवस पाळण्याचा प्रयत्न केला. विद्यार्थ्याला तो बराचसा जमला. गुरूला जमला नाही. हे घड्याळ मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या फुलीच्या वर, एका लहानशा केंद्रात असते व सकाळच्या उजेडाने ते रोज जुळवले जाते. पेशींमध्ये हे घड्याळ कोणत्या जनुकांमुळे चालते याचा शोध लावणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

झोपेची ओढ पुरेशी असेल आणि घड्याळही रात्र दाखवीत असेल तर झोप आपोआप येते. ती प्रयत्नाने आणावी लागत नाही. किंबहुना प्रयत्नाने ती येतच नाही.

३. निद्रानाश

सर्वांत अधिक आढळणारा विकार हा. अंथरुणावर पडल्यावर लवकर झोप न लागणे, मध्येच जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे किंवा पहाटे फार लवकर जाग येणे, अशी त्याची तीन रूपे आहेत. झोपायला पुरेसा वेळ व सोय असूनही आठवड्यातून किमान तीन रात्री असे होत असेल, तीन महिने ते चालू असेल आणि त्यामुळे दिवसाची कामे बिघडत असतील, तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप न येणे हा विकार नव्हे.

मग आदल्या रात्रीची ही साधी गोष्ट पुढे विकार कशी बनते? आर्थर स्पीलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये याचा चांगला उलगडा केला. काही माणसे मूळचीच काळजीखोर किंवा हलक्या झोपेची असतात. ही झाली पूर्वप्रवृत्ती. एखादे आजारपण, मृत्यू, परीक्षा, नोकरीची विवंचना हे निमित्त होते. निमित्त यथाकाल संपते. परंतु त्या काळात लागलेल्या सवयी संपत नाहीत आणि त्याच निद्रानाशाला जिवंत ठेवतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका विद्यार्थ्याची झोप परीक्षेच्या दिवसांत उडाली. निकाल लागला, तो उत्तीर्णही झाला; पण झोप परतली नाही. आता तो ‘कधीतरी लागेल’ म्हणून साडेनऊलाच अंथरुणावर पडतो आणि सकाळी साडेसातपर्यंत लोळत राहतो. दुपारी डोळे जड होतात म्हणून तासभर पडतो. रात्री दर अर्ध्या तासाने मोबाइलमध्ये किती वाजले ते पाहतो आणि ‘आता उद्याचा दिवस वाया’ असा हिशेब करतो. अंथरुणात दहा तास काढून त्याला झोप मिळते सहा तास. दुपारच्या झोपेने रात्रीची ओढ कमी होते. अंथरूण आणि तळमळ यांचे साहचर्य इतके घट्ट होते की, बैठकीत पेंगणारा हा मुलगा अंथरुणाला पाठ टेकताच टक्क जागा होतो. पावलॉव्हच्या कुत्र्याच्या बाबतीत घंटा आणि लाळ यांचे जे झाले तेच येथे उशी आणि जाग यांचे होते.

उपाय या कारणांतूनच निघतो. तो पुढीलप्रमाणे आहे.

(अ) दोन आठवडे झोपेची नोंदवही ठेवावी. किती वाजता पडलो, अंदाजे केव्हा झोप लागली, केव्हा उठलो, एवढेच सकाळी लिहावे. रात्री घड्याळ पाहू नये.

(आ) झोप आल्याशिवाय अंथरुणावर जाऊ नये. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले, तर उठून दुसरीकडे बसावे, मंद उजेडात काही शांत काम करावे व डोळे मिटू लागले की परत यावे. असे रात्रीतून कितीही वेळा करावे लागले तरी करावे. अंथरुणावर अभ्यास, जेवण, मोबाइल आणि काळजी यांपैकी काहीही करू नये. रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये ही पद्धत मांडली.

(इ) अंथरुणातील वेळ प्रत्यक्ष झोपेइतका मर्यादित करावा. वरील विद्यार्थ्याने रात्री साडेबाराला झोपावे व साडेसहाला उठावे, रविवारीसुद्धा. पहिले काही दिवस जड जातात. परंतु ओढ साठत जाते व झोप सलग होऊ लागते. अंथरुणातील वेळेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वेळ झोप लागू लागली की दर आठवड्यास पंधरा मिनिटे वाढवावीत. हा वेळ पाच तासांपेक्षा कमी कधीही करू नये. अपस्मार किंवा उन्माद-अवसादाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच वाहन व यंत्रे चालविणाऱ्यांनी हा उपाय तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावा.

(ई) ‘आठ तास झोप झाली नाही तर मी कामातून गेलो’ यासारखे विचार तपासून पाहावेत. प्रौढांना सामान्यतः सात तास किंवा अधिक झोप हवी हे खरे. पण एका वाईट रात्रीने माणूस कोलमडत नाही. शवासन किंवा स्नायू क्रमाने आवळून सैल करण्याची पद्धत यांचाही उपयोग होतो.

या सर्वांस मिळून निद्रानाशासाठीची बोधात्मक-वर्तनोपचार पद्धती म्हणतात. जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हीच पद्धत वापरावी, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयाने २०१६ साली केली. तिचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात, पण ती थांबविल्यावरही तो टिकतो. एक गोष्ट मात्र विसरू नये. पहाटे जाग येणे, कशातच रस न वाटणे, जगणे नकोसे होणे अशी लक्षणे एकत्र असतील, तर तो नुसता निद्रानाश नसून अवसाद असू शकतो. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेशी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

४. मागे पडलेले घड्याळ

काही तरुणांना रात्री दोन-तीनपर्यंत झोप येत नाही. पण एकदा लागली की ती उत्तम लागते व सकाळी दहापर्यंत चालते. हा निद्रानाश नव्हे. येथे झोप शाबूत आहे, घड्याळ मागे पडले आहे. पौगंडावस्थेत ते नैसर्गिकरीत्याच थोडे मागे सरकते. त्यात रात्री डोळ्यांसमोर धरलेल्या पडद्याचा उजेड भर घालतो, कारण उजेडाने मेलॅटोनिन या रात्रीच्या संप्रेरकाचा स्राव दबतो. सकाळी सातच्या तासिकेला पेंगणारा प्रत्येक विद्यार्थी आळशीच असतो असे नाही, हे आमच्या प्राध्यापकांनीही लक्षात घ्यावे. उपाय असा : उठण्याची वेळ हळूहळू अलीकडे आणून ती रोज पाळावी, उठल्याबरोबर अर्धा तास मोकळ्या उजेडात फिरावे आणि रात्री उजेड कमी करावा. रविवारी दुपारपर्यंत झोपल्याने आठवड्याची कमाई एका दिवसात जाते.

५. घोरणे आणि श्वासरोध

प्रत्येक घोरणारा आजारी नसतो. परंतु मोठ्याने घोरता घोरता आवाज एकदम थांबणे, काही क्षण शांतता आणि मग गुदमरल्यासारखा आचका देऊन पुन्हा घोरणे सुरू होणे, हे चिन्ह गंभीर आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो. रक्तातील प्राणवायू कमी होतो, मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास सुरू होतो व पुन्हा तेच. किमान दहा सेकंदांचे असे अडथळे तासाला पाचाहून अधिक वेळा आले तर विकार मानतात. तीसहून अधिक वेळा आले तर तो तीव्र समजतात. रोग्याला यातले काही आठवत नाही. तो म्हणतो, ‘मला झोप छान लागते, पण दिवसभर गुंगी असते.’ सकाळी डोके दुखणे, चिडचिड, विस्मरण आणि काबूत न येणारा रक्तदाब ही त्याची साथीदार लक्षणे होत.

डिकन्सने १८३६-३७ मध्ये लिहिलेल्या ‘पिक्विक पेपर्स’मध्ये जागच्या जागी झोपी जाणारा जो नावाचा एक लठ्ठ मुलगा आहे. इंग्रजी वाङ्मयाचे विद्यार्थी त्याला हसले असतील. वैद्यकाने मात्र लठ्ठपणा, अपुरा श्वास आणि गुंगी यांच्या एका विकाराला १९५६ साली त्याच कादंबरीचे नाव दिले.

निदानासाठी रात्रभर श्वास, प्राणवायू, मेंदूलहरी यांचे आलेख घ्यावे लागतात. वजन कमी करणे, कुशीवर झोपणे, मद्य टाळणे हे प्राथमिक उपाय होत. तीव्र विकारात नाकावरील मुखवट्यातून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र वापरतात. सिडनीचे कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते प्रथम प्रसिद्ध केले. लहान मुलांत वाढलेल्या गलग्रंथी हे नेहमीचे कारण असते व त्या काढल्या की बहुधा मूल सुधारते. अशा रोग्याला झोपेची गोळी देणे धोक्याचे आहे, कारण तिने स्नायू अधिक सैल पडू शकतात आणि मेंदूचे जागे होणेही मंदावते. रात्रपाळीने ट्रक किंवा बस चालविणाऱ्या माणसाला हा विकार असेल, तर धोका त्याच्या एकट्याचा राहत नाही.

६. अस्वस्थ पाय

संध्याकाळ झाली की पोटऱ्यांत वळवळ, ओढ, मुंग्या. बसले-पडले की वाढते, चालले की थांबते आणि पुन्हा पडले की सुरू होते. स्वीडनच्या एकबॉम यांनी १९४५ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक आढळतो आणि गरोदरपणात बळावतो. शरीरातील लोहाची कमतरता हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. आपल्याकडे स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण किती मोठे आहे हे सांगावयास नको. सर्वांच्या मागून उरलेसुरले जेवणारी घरातील बाई रात्री पाय चेपत बसते, तेव्हा तिला गरज आहे ती रक्ततपासणीची, आणि कमतरता आढळल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने लोह घेण्याची. मूत्रपिंडाचे विकार व काही औषधे यांमुळेही असे होते, म्हणून तपासणी आवश्यक.

७. झोपेत चालणे, किंचाळणे आणि छातीवरचे ओझे

झोपेत चालणे आणि घाबरून किंचाळत उठणे हे प्रकार गाढ झोपेतून अर्धवट जाग येण्याचे आहेत. म्हणून ते रात्रीच्या पहिल्या भागात घडतात व मुलाला सकाळी काही आठवत नाही. दुःस्वप्ने पहाटेच्या बाजूला पडतात आणि ती आठवतात. दोहोंतील फरक या वेळेवरून ओळखावा. चालणाऱ्या मुलाला गदागदा हलवू नये. हाताला धरून सावकाश अंथरुणावर न्यावे. दाराला वरची कडी लावावी, गच्चीचा जिना बंद ठेवावा आणि जागरण टाळावे. बहुतेक मुलांत वयाबरोबर हे थांबते. त्यात बाहेरची बाधा काही नाही.

जाग आली आहे, डोळे उघडे आहेत, पण हातपाय हलत नाहीत आणि छातीवर कोणी बसले आहे असे वाटते, हा अनुभव अनेकांना येतो. जलद नेत्रगतीच्या झोपेत स्नायू लुळे असतात असे वर म्हटले आहे. मन जागे झाले पण ते लुळेपण क्षणभर मागे राहिले, एवढाच याचा अर्थ. मिनिटभरात ते जाते व अपाय करीत नाही. जागरण आणि उताणे झोपणे यांनी ते वाढते. मात्र दिवसा अनावर झोपेचे झटके येत असतील आणि हसताना गुडघे एकाएकी लुळे पडत असतील, तर मेंदूतील हायपोक्रेटिन या द्रव्याच्या अभावामुळे होणारा एक विरळा विकार असू शकतो. त्यासाठी तज्ज्ञांकडे जावे.

८. गोळ्यांविषयी

१९०३ साली बार्बिटल हे औषध आले आणि पुढील अर्धशतक त्या वर्गातील गोळ्यांनी जग झोपवले. झोपेची मात्रा आणि मृत्यूची मात्रा यांत त्यांच्या बाबतीत फार अंतर नव्हते. १९६० नंतर आलेल्या डायझेपामसारख्या गोळ्या पुष्कळ सुरक्षित आहेत. तथापि त्यांचीही सवय लागते, त्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते व वृद्धांत पडण्याचा धोका वाढतो. थोड्या दिवसांच्या दुःखात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांना स्थान आहे. कायद्यानेही त्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. मित्राच्या खोलीतून आणलेली गोळी घेऊ नये. आणि बरेच दिवस घेत असलेली गोळी एकाएकी बंदही करू नये. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागते. मद्याने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते. म्हणून मद्य हे झोपेचे औषध नव्हे.

९. समारोप

शेवटी आपल्या प्रत्यक्ष जिव्हाळ्याचा प्रश्न. परीक्षेच्या काळात रात्र जागून अभ्यास करणे ही आपल्याकडे भूषणाची गोष्ट मानली जाते. १९२४ साली कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक शब्दावयव पाठ करून घेतले. पाठांतरानंतर झोपले असता विसर कमी पडला, जागे राहिले असता तो अधिक पडला. त्यानंतरच्या संशोधनाने झोपेत स्मृती दृढ होते, या विचाराला पुष्कळ आधार दिला आहे. म्हणजे झोप ही अभ्यासातून चोरलेली वेळ नसून अभ्यासाचाच उत्तरार्ध आहे. १९९७ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की, सलग सतरा तास जागा राहिलेला माणूस कामात, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका ढिला होतो. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. रात्रभर जागून सकाळी दुचाकीवरून परीक्षाकेंद्रावर निघणाऱ्याने हा हिशेब स्वतःच करावा.

अर्जुनाला गुडाकेश, म्हणजे निद्रेवर जय मिळविणारा, म्हणतात आणि कुंभकर्णाला आपण हसतो. परंतु सर्वसामान्य माणसाला निद्रेवर जय मिळवावयाचा नसतो, तिच्याशी सख्य करावयाचे असते. त्यासाठी उठण्याची वेळ पक्की असावी, दुपारनंतर चहा-कॉफी आवरावी, अंथरूण झोपेसाठीच ठेवावे. आणि एवढे करूनही तक्रार राहिली, तर ती कोणत्या जातीची आहे हे तज्ज्ञाकडून जाणून घ्यावे. घरातल्या एखाद्या माणसाने ‘मला झोप येत नाही’ असे सांगितले, तर गोळी किंवा उपदेश देण्यापूर्वी आपण त्याला तीन प्रश्न विचारावेत : केव्हा येत नाही, त्या वेळी काय होते आणि दिवसा कसे वाटते? निदानाची सुरुवात पुष्कळदा एवढ्यानेच होते.